मोदक फॉन्ट कुठे आणि कसा वापरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोदक हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा, हाताने रेखाटलेला गुबगुबीत फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला आहे. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्या त्यात आहेत आणि तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. वाढदिवसाच्या आमंत्रणापासून रिक्षामागच्या रेडियमपर्यंत तो सगळीकडे वापरता येतो. मात्र तो जितका सुंदर दिसतो तितकाच पटकन बिघडतो, आणि बिघडण्याचं कारण जवळजवळ दर वेळी एकच असतं. खालच्या बहुतेक उत्तरांत ते भेटेल.

इतर जाड फॉन्टपेक्षा मोदक वेगळा कशामुळे?

साध्या ठळक फॉन्टमध्ये रेघ जाड होते, पण अक्षराच्या पोटातली पोकळी राखलेली असते. मोदकात रेघ इतकी फुगवली आहे की पोकळीची नुसती वळणदार फट उरते. ‘व’चं पोट म्हणजे एक चीर. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक असतो तो पोटातल्या एका तिरप्या रेघेचा. ‘ष’ आणि ‘प’चंही तसंच. म्हणजे आपण हा फॉन्ट वाचतो तो शाईपेक्षा फटींवरून. फट मिटली की ‘बाब’ आणि ‘वाव’ सारखेच दिसतात आणि अक्षराचा गोळा होतो. म्हणून मोदक वापरताना जपायची असते ती फट. रंग, आकार, छपाई, कटिंग यातलं काहीही ठरवताना आधी तिच्याकडे पाहा.

तो कुठे शोभतो?

जिथे शब्द थोडे, आकार मोठा आणि मूड मोकळा असतो तिथे. पाचव्या वाढदिवसाचं आमंत्रण, बारशाच्या फलकावरचं बाळाचं नाव, शाळेच्या आनंदमेळ्याचा फलक, खाऊच्या पाकिटावरचं नाव, बालनाट्याची जाहिरात, उन्हाळी शिबिराचं पोस्टर, आइस्क्रीमची गाडी, यूट्यूब व्हिडिओचं मुखचित्र. गणेशोत्सवात तर नावापासूनच नातं जुळतं. मंडळाच्या टी-शर्टवर छातीभर ‘मोरया’ या फॉन्टात फार गोड दिसतं.

एक ते चार शब्द ही चांगली मर्यादा. शब्द निवडायची मुभा असेल तर सुटी, गोल अक्षरं असलेले घ्या: ‘गंमत’, ‘खाऊ’, ‘धमाल’, ‘चला खेळू’. ‘राष्ट्रीय’, ‘दृष्टिक्षेप’, ‘उद्घाटन’ असे जोडाक्षरांनी लदलेले शब्द टाळा. ‘ष्ट्र’मध्ये तीन व्यंजनं एकाच जागेत बसतात आणि फटींना जागाच उरत नाही.

कुठे वापरू नये?

श्रद्धांजली, न्यायालयीन नोटीस, दवाखान्यातल्या दिशादर्शक पाट्या, औषधाचं लेबल, फोन नंबर, पत्ता, तारीख-वेळ. सलग मजकुरासाठी तर नाहीच. लग्नपत्रिकेत हळदीच्या किंवा संगीताच्या कार्यक्रमाचं शीर्षक म्हणून खपून जातो. मुख्य मजकुरात आजी-आजोबांची नावं या अक्षरांत वाचायला लावू नयेत. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर वजन, किंमत, घटकपदार्थ, वापरण्याची मुदत हे नेहमी साध्या, स्पष्ट फॉन्टात.

मुलांच्या पुस्तकात चालेल ना?

मुखपृष्ठावर, प्रकरणाच्या शीर्षकात, ‘धप्प!’, ‘भॉक!’ अशा आवाजी शब्दांत जरूर. आतल्या मजकुरात नको. नुकतं वाचायला शिकलेलं मूल अक्षराची गाठ कुठे, काना कुठे, रेघ कुठून वळते हे पाहून अक्षर ओळखतं. मोदकात नेमकं तेच चरबीखाली झाकलेलं असतं. मुलांना आवडणारं अक्षर आणि मुलांना वाचता येणारं अक्षर यांत फरक आहे. अंकलिपी, अक्षरओळख, गिरवण्याचे तक्ते यांसाठी हा फॉन्ट अजिबात वापरू नका.

तो संगणकावर बसवायचा कसा?

गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेली झिप फाइल आधी उघडून बाहेर काढा. आत मोदक-रेग्युलर नावाची एकच टीटीएफ फाइल (म्हणजे खुद्द फॉन्ट) आणि परवान्याची मजकूर फाइल असते. विंडोजमध्ये टीटीएफवर राइट क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ निवडा. मॅकवर फाइल दोनदा क्लिक करून फॉन्ट बुकमधून बसवा. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप आधीपासून चालू असेल आणि यादीत नाव दिसत नसेल तर ते बंद करून पुन्हा उघडा. झिपच्या आतूनच फाइल चालवली तर काही वेळा फॉन्ट नीट बसत नाही, म्हणून बाहेर काढणं महत्त्वाचं.

खरंच फुकट आहे? धंद्यासाठी वापरला तर?

हो. तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती १.१ या परवान्याखाली आहे. पाकिटावर, बोधचिन्हात, विकायच्या टी-शर्टवर, पुस्तकात, वेबसाइटवर वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही, आणि फॉन्टमध्ये बदल करून तो पुढे वाटलात तर त्यालाही हाच परवाना लागतो.

बोल्ड केल्यावर अक्षरं भरून का जातात?

कारण मोदकाला बोल्ड नाहीच. त्याचं एकच वजन, म्हणजे जाडीचा एकच प्रकार आहे, रेग्युलर. बोल्डचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच अक्षराच्या कडा चहूबाजूंनी फुगवतं, आणि ‘चहूबाजूंनी’मध्ये फटीच्या कडाही येतात. इटॅलिकचं तसंच: अक्षर नुसतं तिरकं ढकललं जातं आणि फटींची लय मोडते. दोन्ही बटणं बंद ठेवा.

वेबसाइटवर ही चूक नकळत होते. एच-वन, एच-टू ही शीर्षकं ब्राउझर मुळातच बोल्ड दाखवतो. त्यांना मोदक लावलात आणि सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-वेट ४०० दिलं नाहीत, तर ब्राउझर कृत्रिम बोल्ड करतो. ‘वेबसाइटवर मोदक घाण दिसतो’ अशी तक्रार आली की आधी हे तपासा. तिथेच फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ केलं की कायमचा बंदोबस्त होतो.

किती लहान आकारापर्यंत चालेल?

अंदाजाचे नियम असे: चांगल्या गुळगुळीत कागदावर ३० पॉइंटच्या खाली नको, वर्तमानपत्री कागदावर ४८च्या खाली नको, मोबाइलच्या पडद्यावर ३६ पिक्सेलच्या खाली नको. वर्तमानपत्री कागद शाई शोषतो आणि ती पसरते, म्हणून तिथे जास्त.

मोठ्या कामासाठी अंदाजावर न जाता मोजा. शब्दातलं सर्वांत गिचमिड अक्षर शोधा; बहुतेक वेळा ते जोडाक्षर किंवा ‘ब’, ‘ष’, ‘झ’, ‘क्ष’ यांपैकी असतं. ते इलस्ट्रेटरमध्ये किंवा कोरलमध्ये कर्व्ह करून (म्हणजे टंकलेल्या अक्षराची नुसती आकृती करून) बरोबर १०० मिलिमीटर उंच करा आणि त्यातली सर्वांत अरुंद फट मोजा. समजा ती २ मिलिमीटर भरली. मग ५० मिलिमीटरच्या अक्षरात ती १ मिलिमीटर असेल, २५ मिलिमीटरच्या अक्षरात अर्धा. छपाईवाल्याला ‘तुमच्याकडे किती बारीक फट टिकते’ एवढं विचारा आणि त्या उत्तरावरून अक्षराची उंची ठरवा.

टी-शर्टवर आणि भरतकामात?

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापडावर शाई दाबली जाते आणि थोडी पसरते. फट किमान ०.७ मिलिमीटर ठेवा. जाड विणीच्या कापडावर १ मिलिमीटर. गडद टी-शर्टवर पांढरी शाई दोनदा मारली जाते, तेव्हा फट आणखी मिटते. अशा कामाला अक्षर एक पायरी मोठंच घ्या. पहिला शर्ट सुकल्यावर हातभर अंतरावर धरून बघा आणि मगच पुढचे पन्नास छापायला सांगा.

भरतकामात दोऱ्याचीच जाडी असते. १ मिलिमीटरपेक्षा अरुंद फट टाक्यांखाली गायब होते. टोपीवर किंवा खिशावर नाव हवं असेल तर मोदकाऐवजी एक टाइपचाच बलू २ (Baloo 2) हा फॉन्ट घ्या. तोही गोलसर आहे, पण त्याच्या पोकळ्या मोकळ्या आहेत आणि रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं मिळतात.

परदेशातल्या मंडळांनी तिथल्या छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्यावीत. समोरच्याकडे देवनागरी फॉन्ट नसेल तर शब्दाऐवजी चौकोन छापले जातील, आणि तिथे ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रेडियम, व्हिनायल किंवा केकवरच्या नावासाठी कापताना काय बघायचं?

इथे मोदक खरा रंगतो, कारण शिरोरेषेमुळे शब्द एकसंध तुकडा होतो. कागदी किंवा ॲक्रिलिकचं नाव केकवर उभं करायला देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही. पण चार गोष्टी आधी कराव्या लागतात.

पहिली, अक्षरं जोडणं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, पण कटर दोन्ही कडा कापतो आणि शब्दाचे तुकडे पडतात. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू करून कर्व्ह करा, मग सगळं निवडून ‘वेल्ड’, म्हणजे सगळ्या आकृती एकसंध. इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ करून पाथफाइंडरमधलं ‘युनाइट’. कोरलमध्ये कंट्रोल-के दाबून अक्षर फोडू नका. फटी वेगळ्या आकृती होतात आणि भरलेल्या दिसू लागतात.

दुसरी, टिंब. ‘गंमत’मधला अनुस्वार, ‘ऑ’वरचा सुटा चंद्र, हे शब्दाला चिकटलेले नसतात. स्टिकरमध्ये चालतं, कारण ट्रान्सफर कागद ते जागेवर धरतो. ॲक्रिलिकच्या उभ्या नावात मात्र टिंब टेबलावर पडतं. ते खाली ओढून शिरोरेषेत २ मिलिमीटर घुसवा आणि मग वेल्ड करा.

तिसरी, तुटलेली शिरोरेषा. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या डोक्यावर रेघ अर्धवट असते. ‘शुभम’सारख्या नावात ‘शु’ आणि ‘भ’ खरोखर चिकटले आहेत का ते वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) पाहा. नुसतेच टेकलेले असतील तर अक्षर १ मिलिमीटर सरकवा.

चौथी, पुन्हा फट. व्हिनायलमधून १ मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी सुईने उचलताना शेजारची अक्षराची कडही वर येते. रिक्षाच्या मागच्या काचेवर अक्षर निदान तीन इंच घ्या. नाव लहानच हवं असेल तर ते कापून न घेता छापील स्टिकर करून घ्या.

अक्षरांना बाहेरून पांढरी किनार दिली तर फटी बुजतात. उपाय?

किनार अक्षराच्या कडेवर बसते आणि कड फटीलाही असते. फोटोशॉपमध्ये स्ट्रोक ‘आउटसाइड’ केला तरी तो फटीत शिरतो, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने फट ही बाहेरचीच जागा. योग्य पद्धत अशी: अक्षरं जोडून घ्या, त्यांची प्रत काढा, मागच्या प्रतीला ‘ऑफसेट पाथ’ लावून ४ ते ५ मिलिमीटर फुगवा आणि तिच्यातल्या आतल्या सगळ्या पोकळ्या काढून टाका. आता मागे एक भरीव ढग आणि पुढे मूळ अक्षर. फटीतून मागच्या थराचा रंग डोकावतो. लाल अक्षर आणि मागे पिवळा थर ठेवला तर फटी पिवळ्या चमकतात. या फॉन्टचं सर्वांत देखणं रूप हेच.

हेच तत्त्व पार्श्वभूमीला लागू होतं. फोटोवर थेट मोदक ठेवलात तर फटीतून फोटोचे तुकडे दिसतात आणि वाचायला त्रास होतो. मागे एक सपाट रंग हवाच.

अक्षरांमधलं अंतर वाढवलं किंवा गोलाईवर बसवलं तर?

अंतर शून्यच ठेवा. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. तयार टेम्पलेट मुळात इंग्रजीसाठी केलेलं असेल तर त्यात अंतर वाढवलेलं असण्याची शक्यता बरीच; मराठी मजकूर टाकल्यावर ते आधी शून्य करा.

गोल रेघेवर मजकूर बसवला की प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं, आणि शिरोरेषेत पाचरीसारख्या खाचा पडतात. मोदकाची शिरोरेषा जाड असल्याने त्या ठळक दिसतात. शब्द सरळ लिहा, कर्व्ह करून जोडा आणि मग अख्खा आकार वाकवा: इलस्ट्रेटरमध्ये ‘वार्प’मधला ‘आर्क’, कोरलमध्ये ‘एन्व्हलप’.

दोन ओळी एकाखाली एक घेताना वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-मात्रा एकमेकांवर आदळतात. ओळींतलं अंतर वाढवत बसण्यापेक्षा शब्दांची तोड बदलून पाहा. ‘खुळखुळा’खाली ‘मौज’ येण्याऐवजी ‘धमाल’ आलं तर प्रश्नच मिटतो.

ऱ्या, ॲ, ल, श नीट येतात का?

कुठलाही देवनागरी फॉन्ट मराठीसाठी घेताना आधी ही ओळ टंकून पाहा: ‘दुसऱ्या तऱ्हा, ॲप, ऑफर, बाळ, लाल, शशी, श्रद्धा, ज्ञान, क्षण, हृदय, कृपा, सूर्य, ₹ १२५’. एखादं अक्षर मध्येच बारीक दिसलं तर ते फॉन्टमध्ये नाही आणि सॉफ्टवेअरने दुसऱ्या फॉन्टातून आणलं आहे.

‘ऱ्या’च्या जागी ‘र्या’ दिसत असेल तर दोष बहुधा टंकलेखनाचा असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅशची कळ असं केलं की ‘ऱ्य’ येतं. साध्या ‘र’ने केलं तर ‘र्य’. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे, तेव्हा बॅनर छापायच्या आधी डोळे उघडे ठेवून वाचा.

‘ॲ’ हे २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून टंकलेला असतो, तो काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो. ते अक्षर पुसून नव्याने टाका.

‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा ही मराठी वळणं महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही सांगितली आहेत. ज्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, तिथे मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की योग्य रूप येतं.

डीटीपीवाल्याने दिलेल्या मजकुराला मोदक लावला तर भलतीच अक्षरं येतात. का?

तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की आतली इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. आधी त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग रफार, ‘ऱ्या’ आणि ऱ्हस्व वेलांट्या एकेक करून तपासा. रूपांतरात सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. शीर्षक चार शब्दांचंच असेल तर सरळ पुन्हा टंका.

फोटोशॉपमध्ये वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षर फुटतं. फॉन्ट खराब आहे का?

नाही, अक्षरजुळणीचं यंत्र चुकीचं निवडलं आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा आणि नवीन फाइल उघडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘इंडिक ऑप्शन्स’ चालू करून परिच्छेद पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर निवडा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’. इंकस्केपमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही.

दुकानाच्या पाटीवर मोदक आणि खाली इंग्रजी नाव. काही नियम आहे?

महाराष्ट्रात २०२२च्या कायदेदुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दोन्हींना सारखा पॉइंट दिला म्हणजे आकार सारखा होतोच असं नाही. देवनागरीत मात्रांची जागा वर राखावी लागते, त्यामुळे त्याच पॉइंटात अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं पडू शकतं. शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि इंग्रजी कॅपिटल त्याहून मोठं होऊ देऊ नका.

आतून दिवे असलेल्या पाटीत पांढरी अक्षरं गडद रंगावर घेऊ नका. रात्री प्रकाश फुलतो आणि फटी दिसेनाशा होतात. उजळ पिवळ्या किंवा पांढऱ्या पाटीवर गडद लाल, निळी, जांभळी अक्षरं घ्या. आणि ऑर्डर पक्की करण्याआधी नमुना छापून रस्त्याच्या पलीकडून बघा.

सोबतच्या मजकुराला कोणता फॉन्ट घ्यावा?

एक टाइपचाच मुक्ता. साधा, मोकळा, सात वजनांत मिळणारा. शीर्षक मजकुराच्या निदान चौपट ठेवा. मजकूर १२ पॉइंट असेल तर मोदक ४८. मोदकाशेजारी दुसरा खेळकर फॉन्ट ठेवू नका, दोघंही एकाच वेळी बोलू लागतात.

एकाच शब्दात दोन ‘म’ आले की ते छापाचे वाटतात. हातचं वाटावं म्हणून काय करता येईल?

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं रेखाटली तेव्हा प्रत्येक नाव स्वतंत्रपणे काढलेलं असायचं. एका नावातली दोन सारखी अक्षरंही तिथे हातानेच घडत. फॉन्ट तेच अक्षर हुबेहूब पुन्हा देतो. ‘गंमतजंमत’ घ्या. कर्व्ह करा, पण अजून वेल्ड करू नका. दुसरा ‘म’ दोन-तीन अंश फिरवा, त्याची उंची दोन टक्के कमी करा, एका अनुस्वाराचं टिंब थोडं मोठं करा. दुसऱ्या ‘त’ची शेपटी नोड टूलने (कडेवरचे बिंदू, म्हणजे नोड, सरकवण्याच्या साधनाने) किंचित लांबवून शब्दाखाली ओढा. फटीच्या नोडना हात लावू नका. शिरोरेषा पुन्हा जुळते आहे ना ते ४०० टक्के मोठं करून बघा आणि मग वेल्ड करा. दहा मिनिटांचं काम आहे.